जिरीचे जिरेल: फोम्बो, लामा आणि दशैंचा टिळा

सह्यवाटकरी

जिरीहून चालत एव्हरेस्टच्या वाटेला लागणारे आता मोजकेच. १९८५ मध्ये स्विस मदतीनं लामोसांघु ते जिरी रस्ता पूर्ण झाला, तेव्हा गिर्यारोहकांची गर्दी इथूनच सुरू व्हायची. आता बहुतेक जण विमानानं थेट लुक्लाला उतरतात. त्यामुळे दोलखा जिल्ह्यातलं जिरी आणि तिथले मूळ रहिवासी जिरेल यांच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. पावसाळा सरल्यावर तिथे एका जिरेल कुटुंबाकडे मुक्काम केला होता. जे पाहिलं आणि नंतर वाचून पडताळलं, ते मांडतो.

जिरेल हा अगदी छोटा समाज. २०११ च्या जनगणनेत सगळ्या नेपाळात मिळून पावणेसहा हजारांच्या आसपास. सरकारनं मान्यता दिलेल्या आदिवासी जनजातींमधली ही एक. भाषा तिबेटी-बर्मी कुळातली, शेर्पांच्या भाषेला खूप जवळची. वरच्या अंगाला शेर्पा, खालच्या अंगाला सुनुवार, आजूबाजूला तामाङ, नेवार, बाहुन (ब्राह्मण), छेत्री (क्षत्रिय). जिरेलांची उत्पत्तीही सुनुवार आणि शेर्पा यांच्या सोयरिकीतून सांगितली जाते.

आता धर्म. जिरेलांची माहिती कुठेही काढा, एका ओळीत उरकलेलं असतं: बौद्ध, हिंदू आणि झाँक्री परंपरा यांची सरमिसळ. (झाँक्री म्हणजे नेपाळातला भगत, ज्याच्या अंगात देव येतात.) वाचून वाटतं, या लोकांना काय कुठलं तेच कळत नाही, जे समोर येईल त्याला हात जोडतात. प्रत्यक्षात तिथे कामाची वाटणी इतकी पक्की आहे की शाळकरी पोरगंही सांगेल. माणूस आजारी पडला, मूल झोपेत दचकायला लागलं, जनावर दूध देईना, घरात एकामागून एक विपरीत घडायला लागलं, की फोम्बोला बोलवायचं. फोम्बो म्हणजे जिरेलांचा झाँक्री. माणूस गेला की लामा. आणि दशैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याला, घरातल्या थोरांपुढे वाकून टिळा लावून घ्यायचा. फोम्बो प्रेताच्या विधीत लामाची जागा घेत नाही आणि लामा रात्रभर ढोल वाजवून कुणाच्या अंगातली बाधा काढत बसत नाही.

मी होतो त्या घरी आजींचं दुखणं बरेच दिवस लांबलं होतं. दवाखाना झाला होता, गोळ्या चालू होत्या, तरी फोम्बोला बोलावलं. चुलीशेजारची जागा सारवली. पितळी ताटात तांदळाची रास, तिच्यात खोचलेलं अंडं, दिवा, आल्याचे तुकडे, तितेपातीची डहाळी. तितेपाती म्हणजे आपल्याकडच्या दवण्याच्या जातीतलं कडू वासाचं झुडूप. फोम्बोनं पायघोळ पांढरा झगा घातला, गळ्यात रुद्राक्ष आणि रिठ्याच्या माळा, खांद्यावरून आडवा घंट्यांचा पट्टा, डोक्याला मोरपिसं. मग त्यानं ढ्यांग्रो उचलला.

या ढ्यांग्रोबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या मनात सगळ्यात ठसलं ते हे वाद्य. दोन्ही बाजूंनी कातडं मढवलेला चपटा ढोल. तो मांडीवर ठेवत नाहीत, त्याला खाली लाकडी मूठ असते, तिला धरून तोंडासमोर उभा धरतात आणि वेताच्या वाकड्या काठीनं वाजवतात. मुठीचं टोक फुर्ब्याच्या आकाराचं, म्हणजे वज्रयानी लामांच्या हातात असतो तो तीन धारांचा खिळा. मुठीवर कोरलेले मुखवटे आणि वेटोळे घातलेला नाग. कातड्यावर खडूनं काढलेला त्रिशूल, बाजूला चंद्र आणि सूर्य. त्रिशूल कुठून आला, फुर्बा कुठून आला, हे विचारणारा मी एकटाच. घरच्यांच्या लेखी ते फोम्बोचं हत्यार, विषय संपला.

आधी त्यानं देवांना हाका मारल्या. घरचे, कुळाचे, मग जवळचा डोंगर, नदी, खिंड, असं एकेक ठिकाण घेत घेत तो वर चढत गेला. त्यात मी ओळखलेली दोन नावं, महादेव आणि गुरु रिन्पोछे, म्हणजे बौद्धांचे पद्मसंभव. मग खांदे थरथरायला लागले, घंट्या आपोआप वाजायला लागल्या, आवाज बदलला. पहाटे तांदळाचे दाणे तळहातावर घेऊन मोजले आणि निदान सांगितलं: कुळाच्या देवाचं देणं राहिलंय. कोंबडा कबूल झाला.

हे लिहितोय ते कुणी आधी तिथे गेलेलं असेल, नेपाळात राहिलेलं असेल तर भर घालावी म्हणून.

वडाचीसावली

फार छान लिहिलंय. वाचताना आमचं कोकणातलं गाव आठवलं. देवळात गुरव, लग्नाला भटजी, वाडीच्या वेशीवर राखणदाराला कोंबडा, आणि अडचण आली की कौल. कुणाला यात काही विसंगत वाटत नाही. जिरेलांचंही तसंच ना?

सह्यवाटकरी

@वडाचीसावली, वाटणीपुरतं हो, तसंच. पण एक फरक आहे. गुरव आणि भटजी दोघंही त्याच देवांची नावं घेतात. तिथे लामाचे ग्रंथ तिबेटीत, फोम्बोचं गाणं जिरेलीत आणि तेही पाठांतरानं आलेलं, दशैंचा आशीर्वाद संस्कृत-नेपाळीत. घरातल्या बाईला तिन्हींमधलं सगळं कळत असेलच असं नाही. पण कुठल्या वेळी कोण, हे तिला नेमकं कळतं, कारण तांदूळ, अंडं, लोणी, दिवे काढून देणारी तीच.

निळवंती_नागपूर

मी बौद्ध घरातली आहे. आमच्याकडे धम्म म्हणजे बावीस प्रतिज्ञा. ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही, पूजा करणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही. त्यामुळे "बौद्ध आहेत आणि महादेवाला हाक मारतात, कोंबडाही कापतात" हे वाचून अडखळले. त्रास द्यायचा हेतू नाही, खरंच समजून घ्यायचंय. बुद्ध मानणाऱ्या घरात रक्त कसं चालतं?

सह्यवाटकरी

@निळवंती_नागपूर, प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो तिथले लामाही विचारतात. लामा रक्ताच्या नैवेद्याला हात लावत नाही. त्याच्या पूजेत सातूच्या किंवा भाताच्या गोळ्याचे तोर्मा असतात, त्यावर लोण्याची नक्षी. हिमालयात जिथे जिथे लामांचं वजन वाढलं तिथे त्यांनी बळी बंद करायचा प्रयत्न केला.

आणि एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि महिनाभरात बाबासाहेब काठमांडूला होते, जागतिक बौद्ध परिषदेत. २० नोव्हेंबरला त्यांनी तिथे बुद्ध आणि मार्क्स यावर भाषण केलं. तेव्हाचं नेपाळ म्हणजे राजा हिंदू, राज्य हिंदू, आणि डोंगरात बौद्ध जनजाती. तुमच्याकडचा धम्म जुन्या ओळखीशी नातं तोडून, विचारपूर्वक घेतलेला. जिरीतला धम्म घरात मुरत आलेला, कुणीही एका दिवशी स्वीकारलेला नाही. एकाच बुद्धाच्या या दोन वाटा आहेत, आणि एकीच्या मापानं दुसरीला कमी ठरवावं असं मला वाटत नाही.

निळवंती_नागपूर

पटलं, पण पूर्ण नाही. प्रतिज्ञांमागे जे कारण होतं, म्हणजे जातीची उतरंड, ते नेपाळातही होतंच की. मग तिथल्या जनजातींनी हिंदू सण का घेतले? आपखुषीनं?

काठमांडूकर_मराठी

मी कामानिमित्त बरीच वर्षं काठमांडूत आहे, तर या प्रश्नावर थोडं लिहिते.

आपखुषी हा शब्द जपूनच वापरावा लागेल. १८५४ मध्ये तेव्हाचा पंतप्रधान जंगबहादुर राणा यानं मुलुकी ऐन, म्हणजे देशाचा कायदा, काढला. त्यात सगळ्या प्रजेची उतरंड कायद्यानं लिहून ठेवली. वर तागाधारी, म्हणजे जानवेवाले. मग मतवाली, म्हणजे दारू पिणारे. त्यातही दोन प्रती, गुलाम न करता येणारे आणि गुलाम करता येणारे. त्याखाली ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही ते. डोंगरातल्या बहुतेक जनजाती मतवालीत गेल्या. गाय मारणं हा गंभीर गुन्हा. आणि दशैं हा फक्त घरचा सण नव्हता, राज्याचा होता. राजा दरबारात टिळा लावणार, अधिकारी जिल्ह्यात, गावात मुखिया. टिळा घ्यायला न जाणं म्हणजे मुखियाला न मानणं. सारा गोळा करणारा तोच, भांडणात निवाडा देणाराही तोच. तेव्हा कुठलं छोटं गाव म्हणेल की आम्हाला नको?

म्हणूनच १९९० नंतर लोकशाही आली तेव्हा जनजाती संघटनांनी दशैं बहिष्काराची हाक दिली. काही घरांनी सण सोडला. काहींनी टिळा ठेवला पण लाल ऐवजी पांढरा, नुसता दही-तांदळाचा. पुष्कळांनी काहीच बदललं नाही, कारण तोवर दशैं म्हणजे परगावी गेलेली मुलं घरी येण्याचा दिवस झाला होता. टिळा विजयादशमीपासून कोजागिरीपर्यंत लावतात, तिथे तिला कोजाग्रत पूर्णिमा म्हणतात. लांबची लेक चार दिवसांनी पोचली तरी चालतं, टिळा थांबलेला असतो. कानामागे जमरा खोचतात, आपल्या घटात उगवतं तसं जवाचं पिवळट कोवळं धान.

निळवंतीताई, तुमचा प्रश्न तिथल्या तरुण पोरापोरींमध्येही जोरात चालू असतो. एकाच घरात भाऊ टिळा लावतो आणि बहीण लावत नाही, असं मी पाहिलंय.

निळवंती_नागपूर

धन्यवाद ताई. हे हवं होतं. सरमिसळ म्हटलं की सगळं गोडीगुलाबीनं झालं असं वाटतं, त्यात कायद्याचा धाक होता हे कुणी सांगत नाही.

सह्यवाटकरी

काठमांडूकरताई, तुमच्या प्रतिसादानं मूळ लेखातली मोठी उणीव भरून निघाली. मनापासून आभार.

दगडफूल

जनगणनेत हे लोक काय लिहितात मग?

काठमांडूकर_मराठी

एकच धर्म लिहिता येतो. तिथेच खरी अडचण आहे. १९९० च्या आधी प्रगणक बहुतेक वेळा विचारायच्या आधीच हिंदू लिहून मोकळा व्हायचा. नंतर संघटनांनी घरोघर सांगितलं की आपापला धर्म लिहा. तामाङ, गुरुङ, शेर्पा, जिरेल यांच्यात बौद्ध लिहायचा आग्रह झाला. राई आणि लिंबू या जनजातींसाठी १९९१ पासून किरात हे वेगळं नाव मोजलं जातं. २०११ मध्ये बोन (तिबेटचा जुना धर्म) आणि प्रकृति (निसर्गपूजा) हीसुद्धा आली. देशाचा आकडा त्या साली साधारण ८१ टक्के हिंदू, ९ टक्के बौद्ध, ३ टक्के किरात. पण फोम्बोसाठी रकाना नाही. बौद्ध लिहिणाऱ्या घरात रात्री ढ्यांग्रो वाजतो, हिंदू लिहिणाऱ्या घरात कुणी गेलं की लामा ग्रंथ वाचतो. टक्केवारीवरून दोलखातल्या घरात काय चालतं ते कळणार नाही.

विवेकवाट

सगळं वाचलं. मला एक टोचतंय. आजारी माणसापुढे रात्रभर ढोल वाजवणं, कोंबडा कबूल करून घेणं, याचं एवढं कौतुक का? आपल्याकडे २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा व्हायला किती झगडावं लागलं, त्यासाठी माणसाचा जीव गेला. आपल्या भगतावर टीका करायची आणि नेपाळातल्या भगताला परंपरा म्हणायचं, हे मला मान्य नाही.

सह्यवाटकरी

@विवेकवाट, टीका योग्य आहे आणि मी ती टाळणार नाही. नेपाळात झाँक्रीच्या तोंडून एखाद्या बाईला बोक्सी, म्हणजे चेटकीण, ठरवलं जातं. मारहाण होते, विष्ठा चारली जाते, गावातून हाकललं जातं. बळी जातात त्या बहुतेक गरीब, विधवा, दलित बायका. त्याविरुद्ध तिथे २०१५ मध्ये वेगळा कायदा झाला. हे सगळं त्याच ढ्यांग्रोच्या आवाजात घडतं आणि त्याला परंपरा म्हणून पांघरूण घालू नये.

पण मी होतो त्या घरात दवाखाना आणि फोम्बो यांच्यात निवड नव्हती. जिरीत स्विसांच्या मदतीनं दवाखाना आला त्याला सहा दशकं होऊन गेली. लोक आधी तिथेच जातात. फोम्बोला बोलावतात ते दुखणं 'कशानं' आलं यापेक्षा 'आमच्याच घरी का' आलं हे विचारायला. त्या रात्री आजींच्या तीन लेकी, सुना, शेजारी सगळे चुलीभोवती जागे बसले होते. कुळाच्या देवाचं देणं राहिलंय हे ऐकल्यावर दोन भावांमधली जुनी तेढ निघाली, कारण देवाचा खर्च कुणी करायचा यावरूनच बोलणं बंद होतं. आजींना बरं वाटलं की नाही याचा दावा मी करणार नाही. सकाळी दोघं भाऊ एका पंगतीला बसले, एवढं मी पाहिलं.

विवेकवाट

तुम्ही बोक्सीचं स्पष्ट लिहिलंत हे बरं केलंत. माझा विरोध राहील, पण या माहितीनिशी राहील.

काठमांडूकर_मराठी

भर म्हणून: नेपाळात आरोग्याच्या काही कार्यक्रमांनी झाँक्रींनाच प्रशिक्षण दिलं. जुलाब झालेल्या मुलाला जीवनजल, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी, द्या, न थांबल्यास दवाखान्यात पाठवा, असं. डोंगरात आरोग्यसेवक पोचायच्या आधी झाँक्री पोचलेला असतो, हा त्यामागचा साधा विचार.

पोथीपान

लामा मेलेल्यांचा आणि झाँक्री जिवंतांचा, या वाटणीमागे काही कथा आहे का? सहसा असते.

सह्यवाटकरी

आहे, आणि ती मला फार आवडते. तिबेटी रूपात ती बौद्ध योगी मिलारेपा आणि बोन मांत्रिक नारो बोनचुङ यांची. कैलास कुणाचा, यावर पैज लागते: पहाटे जो आधी शिखरावर पोचेल त्याचा. नारो बोनचुङ रात्रीच ढोलावर बसून उडत निघतो. मिलारेपा शांत झोपलेला. शिष्य घाबरे होतात. सूर्याचा पहिला किरण पडतो आणि मिलारेपा त्या किरणावरून क्षणात शिखरावर! बोनचुङ दचकून खाली येतो, ढोल हातातून सुटतो आणि कड्यावरून गडगडत जातो. कैलासच्या दक्षिण अंगावर जी उभी खाच दिसते ती त्या ढोलाची असं सांगतात.

नेपाळच्या डोंगरात, तामाङांकडे विशेष, तीच कथा पद्मसंभव म्हणजे गुरु रिन्पोछे आणि आदि-बोम्बो यांच्यावर येते. बोम्बो म्हणजे तामाङांचा झाँक्री. तिथे हरणारा नाहीसा होत नाही. तडजोड होते: मेलेल्यांचं लामानं बघावं, जिवंतांचं बोम्बोनं. विजय लामाचा, पण बोम्बोशिवाय भागत नाही हे त्या कथेतच कबूल आहे. तामाङांकडे तर तिसराही असतो, लाम्बु, भूमीच्या आणि कुळाच्या देवांना बळी देणारा. गुरुङांकडे पच्यू, घ्याब्रे आणि लामा. म्हणजे जिरेल काही जगावेगळे नाहीत. मधल्या पहाडात ही पद्धतच आहे.

वडाचीसावली

मग शेर्पांकडे का नाहीत असे झाँक्री? आम्ही नामचेला गेलो तेव्हा सगळीकडे गोम्पाच, म्हणजे बौद्ध मठच दिसले.

सह्यवाटकरी

होते. शेर्पांकडे अंगात येणारे लावा होते. विसाव्या शतकात तिथे मठ उभे राहिले, १९१६ मध्ये तेंगबोचे, मग इतर. ब्रह्मचारी भिक्षू आले, त्यांनी बळी आणि अंगात येणं दोन्हींना कमी लेखलं, आणि दोन-तीन पिढ्यांत लावा विरळ झाले. जिरीला एवढा मोठा मठ झाला नाही. तिथले लामा संसारी, शेती करणारे, फोम्बोच्या शेजारी राहणारे, कधी त्याच्याच भावकीतले. फोम्बो टिकला त्याचं मुख्य कारण हेच असावं असं मला वाटतं.

दगडफूल

हल्ली कोणी नवीन होतं का फोम्बो? पोरं तर आखातात असतील.

सह्यवाटकरी

पोरं आखातात, मलेशियात, काठमांडूत. आणि फोम्बो ठरवून होता येत नाही. लहानपणी किंवा तारुण्यात अचानक थरकाप, वेड्यासारखं रानात पळणं, औषधानं न जाणारं दुखणं. मग जुना फोम्बो ओळखतो की याला देवानं धरलंय. वनझाँक्रीची गोष्ट सगळ्या पूर्व नेपाळात ऐकू येते: रानात राहणारा बुटका झाँक्री पोराला गुहेत पळवून नेतो आणि मंत्र शिकवतो, त्याची केसाळ बायको मात्र पोराला खायला टपलेली. शिकून परत आला तो झाँक्री. मग गुरूपाशी वर्षानुवर्षं पाठांतर. कतारच्या दोहात नोकरी करणारा मुलगा हे कधी करणार? माझ्या यजमानांचा थोरला तिकडेच असतो. फोम्बो बसला होता तेव्हा घरच्यांनी त्याला फोनवर दाखवलं, आणि तो खोलीतले दिवे मालवून शेवटपर्यंत बघत होता.

चालतबोलत

हे बघायला मिळेल का? ऑगस्टमध्ये काठमांडूला जातोय. जिरीत कुणाला पैसे देऊन फोम्बोचा कार्यक्रम ठरवता येईल?

सह्यवाटकरी

@चालतबोलत, कृपा करून तसं करू नका. पैसे मोजून दुसऱ्याच्या घरचं दुखणं बघायला जाऊ नये.

बघायचंच असेल तर जनैपूर्णिमेला कालिनचोकला जा. तीच आपली नारळी पौर्णिमा, त्यामुळे ऑगस्टमध्ये जुळण्याची शक्यता चांगली. शिखर ३,८४२ मीटरवर, वर भगवतीचं ठाणं, त्रिशूल आणि घंटांनी भरलेलं. त्या दिवशी आसपासच्या गावांतले झाँक्री आपापल्या ढ्यांग्रोसह वर चढतात, नाचतात, देवीपुढे आपली शक्ती नवी करून घेतात. त्याच दिवशी बाहुन-छेत्री जानवं बदलतात आणि पुरोहित सगळ्यांच्या मनगटाला डोरो बांधतो. बाजूला प्रार्थनेच्या पताका फडफडत असतात. ते सगळ्यांसाठी उघडं आहे, कुणाची परवानगी लागत नाही.

काठमांडूकर_मराठी

दोलखाचं मुख्यालय चरिकोट, तिथून जीपनं कुरी, तिथून केबल कार आहे, चालतही जाता येतं. पावसाळ्यात रस्ता खचतो, हातात दोन दिवस जादा ठेवा. जळवा भरपूर, मीठ जवळ असू द्या. आणि चरिकोटला असताना जवळच दोलखा बाजारातला भीमेश्वर चुकवू नका. छप्पर नसलेलं देऊळ, आत एकच शिळा. तिचीच भीमसेन म्हणून पूजा, तिचीच महादेव म्हणून आणि तिचीच भगवती म्हणून. पुजारी बाहुन नाहीत, नेवार आहेत. शिळेला घाम फुटला की देशावर संकट येतं अशी समजूत आहे. घाम टिपलेला कापूस पूर्वी राजवाड्यात पाठवायचे आणि क्षमापूजा व्हायची.

चालतबोलत

कळलं, फोम्बोचं डोक्यातून काढून टाकतो. कालिनचोकला झाँक्रींचे फोटो काढलेले चालतात का?

सह्यवाटकरी

नाचताना लांबून काढलेले चालतात, बाकी यात्रेकरूही काढत असतात. अंगात आलं असताना जवळ जाऊन, तोंडावर फ्लॅश टाकून नको. आणि ढ्यांग्रोला हात लावू नका, जमिनीवर ठेवलेला असेल तर ओलांडूही नका.